पंडिता रमाबाई आणि कृपेचे ऋण

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मोफत वस्तू आणि आर्थिक वस्तू यांतील भेद शिकवावा लागतो. हवा, सूर्यप्रकाश, वाहत्या नदीचे पाणी यांची उपयोगिता अपार असते, परंतु त्यांना बाजारात किंमत नसते. आणि ज्याला किंमत नाही त्याची कदर मनुष्य क्वचितच करतो. दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी हे समजावून सांगण्यास फार प्रयास पडत नाहीत. अरुणावतीचे धरण जवळ असले तरी उन्हाळ्यात पाण्याची काळजी कोणाला चुकत नाही. नळाला पाणी असते तेव्हा ते गटारात वाहून जाते, आणि नळ कोरडा पडला की त्याच पाण्यासाठी मैलभर पायपीट करण्याची आपली तयारी असते. वस्तूचे मोल बदललेले नसते. ती गृहीत धरण्याची आपली सवय तेवढी उघडी पडते.

हा नियम केवळ पाण्यापुरता मर्यादित नाही. ख्रिस्ती धर्मविचारात ईश्वरी कृपा ही मध्यवर्ती कल्पना आहे. मनुष्याचे तारण त्याच्या पुण्याईच्या बळावर होत नाही, ते देवाच्या कृपेने होते. ती कृपा विकत घेता येत नाही आणि तिच्यावर कोणाला हक्कही सांगता येत नाही, अशी ही शिकवण आहे. पापाच्या ओझ्याखाली वाकलेल्या माणसाला तीत जेवढा दिलासा आहे, तेवढाच सुखवस्तू श्रद्धाळूला तीत धोका आहे. सारे फुकटच मिळाले आहे, क्षमाही ठरलेलीच आहे, मग आपण बदलण्याचे कारण काय, असे मन हळूच विचारू लागते. संत पौलाला रोमच्या मंडळीस लिहिलेल्या पत्रात याच पळवाटेचा समाचार घ्यावा लागला होता. विसाव्या शतकात जर्मनीतील बोनहोफर या धर्मोपदेशकाने १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वस्त कृपा आणि मोलाची कृपा असा भेद करून आपल्या चर्चची झोप मोडण्याचा प्रयत्न केला, आणि हिटलरच्या राजवटीला विरोध केल्याबद्दल १९४५ साली फाशी जाऊन त्या भेदाची किंमत स्वतः मोजली.

परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मराठी वाचकाने जर्मनीपर्यंत जाण्याची गरज नाही. पुण्यापासून फार दूर नसलेल्या केडगाव येथे ५ एप्रिल १९२२ रोजी ज्यांचे निधन झाले, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र या एकाच प्रश्नाभोवती फिरते असे म्हटल्यास वावगे होणार नाही. स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, विधवांच्या कैवारी, वादग्रस्त धर्मांतरित विदुषी या नात्यांनी त्या आपल्या परिचयाच्या आहेत. त्यांच्या आयुष्यातील या दुसऱ्या सूत्राकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

पुण्याचा हिशेब

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित. आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकविले म्हणून धर्ममार्तंडांचा रोष ओढवून घेतला, तरी माघार घेतली नाही. रमाबाई तान्ह्या असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि पुढे वर्षानुवर्षे देशभर फिरत राहिले. क्षेत्रोक्षेत्री पुराणे सांगावीत, मिळालेल्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि उरलेले दानधर्मात घालावे, असा त्यांचा जीवनक्रम होता. आईच्या तोंडून ऐकता ऐकता मुलीला भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकण्यास श्रोते उरले नाहीत आणि दक्षिणा देणारे हातच रिकामे झाले. जवळ जे काही होते ते या कुटुंबाने देवाला प्रसन्न करून घेण्यासाठी दानात, व्रतांत आणि अनुष्ठानांत खर्च केले. सामान गेले, भांडी गेली. अखेर रानातील पाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. मजुरी करावी तर विद्येचा आणि जातीचा अभिमान आड येई, आणि भीक मागणेही त्याच अभिमानामुळे अशक्य होई. वडिलांनी जलसमाधीचा विचार बोलून दाखविला, तेव्हा कुठे थोरल्या भावाने, श्रीनिवासशास्त्र्यांनी, अभिमान बाजूला ठेवून हमाली करण्याची तयारी दर्शविली. तोवर फार उशीर झाला होता. १८७४ साली वडील गेले, आणि थोड्याच काळात आई व थोरली बहीणही उपासमारीने गेल्या.

या घटनेचा अर्थ लक्षात घेतला पाहिजे. पुण्याच्या बँकेत आयुष्यभर ठेव ठेवत आलेल्या कुटुंबाला संकटसमयी एक दाणाही परत मिळाला नाही. देवाशी करार केल्याप्रमाणे वागले की फळ मिळतेच, हा विश्वास सोळा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांदेखत मोडून पडला. दैवी प्रसाद ही कमावण्याची वस्तू आहे, ही कल्पना रमाबाईंच्या बाबतीत तत्त्वचर्चेने खोडली गेली नाही. ती दुष्काळाने खोडली.

कलकत्त्यापासून वाँटेजपर्यंत

त्यानंतर भावंडे पायी हजारो मैल फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी जातिबंधने झुगारून नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ साली कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे पटकीने निधन झाले. चोविसाव्या वर्षाच्या आत जवळची बहुतेक सर्व माणसे गमावलेली ही बाई त्याच वर्षी पुण्यास आली. तिने आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची निकड मांडली.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन पंथाच्या भगिनींकडे त्यांचा मुक्काम होता. त्या भगिनींचे एक सेवाकार्य लंडनच्या फुलहॅम भागात चाले. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय मिळे. एवढेच नव्हे, तर ममतेने वागवून त्यांना पुन्हा उभे केले जाई. ज्या स्त्रियांना आपल्याकडील धर्मशास्त्रात प्रायश्चित्तालाही फारसा वाव नव्हता, त्यांच्याशी असे वागता येते, ही गोष्ट रमाबाईंच्या मनाला भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाने महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली, हे सर्वश्रुत आहे.

बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

बाप्तिस्मा झाला म्हणजे सर्व काही झाले, असे मानणारी माणसे पुष्कळ असतात. रमाबाईंचा पिंड तसा नव्हता. चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून एखादे तत्त्व मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. वाँटेजच्या भगिनी जेराल्डाइन यांच्याशी या बाबतीत त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला आणि त्यात वेळोवेळी कटुताही आली. अंध परंपरेचे जू एका खांद्यावरून काढून दुसऱ्या खांद्यावर घेण्याची त्यांची तयारी नव्हती.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाच्या निमित्ताने त्या अमेरिकेस गेल्या. तेथे व्याख्याने देऊन आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहून त्यांनी निधी उभारला. बोस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ साली पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, या याच संस्थेच्या विद्यार्थिनी होत.

बाहेरून पाहता ख्रिस्ती सेवेचे हे आदर्श जीवन होते. तरीही याच काळात, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंच्या मनाने त्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त मात्र सापडला नाही, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या साक्षीच्या पुस्तकात दिली. याला निमित्त झाले ते विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन. हा गृहस्थ अनेक वर्षे व्यासपीठावरून इतरांना तारणाचा उपदेश करीत होता आणि अखेर स्वतःच्याच प्रवचनाच्या वेळी त्याला उमगले की, आपण जे सांगत आहोत ते आपल्याला कधी लाभलेलेच नाही. हे वाचून रमाबाई थबकल्या. बाप्तिस्मा, उपासना, सत्कृत्ये यांच्या बेरजेला आपण कृपा समजत आलो. म्हणजे वडिलांच्या व्रतवैकल्यांच्या जागी आपण निराळी व्रतवैकल्ये आणली, एवढाच काय तो फरक, हे त्यांना दिसून आले. कृपा ही कमाईची वस्तू नसून केवळ स्वीकारण्याची आहे, हा बोध त्यांना येथे झाला.

कृपा गृहीत धरण्याचे प्रकार दोन आहेत. फुकट आहे म्हणून तिची पर्वा न करणे हा उघड प्रकार होय. आपण मंडळीचे सभासद आहोत, सेवाही करतो, तेव्हा ती आपल्याकडे असणारच असे धरून चालणे, हा दुसरा आणि अधिक सूक्ष्म प्रकार. पहिल्या प्रकारच्या माणसाला कोणीतरी जागे करते. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला जागे करणारा कोणी नसतो, कारण त्याची दिनचर्या निर्दोष असते. रमाबाईंचे मोठेपण असे की, त्यांनी ही झडती स्वतःहून घेतली आणि ती घेतल्याचे जगाला सांगितले.

१८९३ साली शारदा सदनावर आलेले वादळ याच परिवर्तनाशी निगडित होते. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या, तेव्हा संस्थेच्या धार्मिक तटस्थतेचा भंग होत असल्याचा आरोप झाला. ‘केसरी’ने कठोर टीका केली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागारपद सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मुलींवर सक्ती केली जात नाही आणि आपल्या खोलीचे दार कोणाला बंद नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. परक्या आश्रयावर अवलंबून असलेल्या कोवळ्या मुलींच्या बाबतीत सक्ती नसणे एवढे पुरेसे आहे काय, हा टीकाकारांचा प्रश्न निराधार नव्हता. चरित्रनायिकेविषयी आदर बाळगूनही तो नोंदविला पाहिजे.

दुष्काळाची परतफेड

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. १९०३ साली आपला वऱ्हाड ज्या प्रांताला जोडण्यात आला, तोच हा प्रांत. बातमी येताच रमाबाईंना बावीस वर्षांपूर्वीचे दिवस आठवले आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. मदतकेंद्रांतील आणि अनाथगृहांतील मुलींचे हाल, त्यांच्यावर टपून बसलेले दलाल, हे सारे त्यांनी पाहिले. निधीची कोणतीही शाश्वती नसताना त्यांनी मुली आणण्यास प्रारंभ केला, आणि ही संख्या सुमारे तीनशेवर गेली. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे एवढ्या मुली तेथे ठेवणे शक्य नव्हते. संस्थेला स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून केडगाव येथे रमाबाईंनी आधीच शेतजमीन घेतली होती. तेथेच तात्पुरते निवारे उभे राहिले, आणि २४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्ती सदनाचे विधिपूर्वक उद्घाटन झाले.

लगेच १८९९-१९०० चा महादुष्काळ आला. वऱ्हाडातील जुन्या माणसांच्या बोलण्यात ज्याची आठवण दीर्घकाळ टिकून होती, तोच हा दुष्काळ. कापूस पिकविणाऱ्या आपल्या मुलखाला पैसा हाती असूनही धान्य मिळत नाही म्हणजे काय होते, याचा धडा त्या वर्षाने दिला. गुजरातेतून आणि इतर भागांतून आलेल्या मुलींमुळे केडगावची लोकसंख्या दोन हजारांच्या घरात गेली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे थांबावेसे वाटते. दोन हजार निराश्रितांना केवळ जेवू घालणे हे दान झाले. त्याने माणूस जगतो, परंतु कायमचा आश्रित बनतो. मुक्ती सदनात शाळा होती, त्याचबरोबर शेती, दुभती जनावरे, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योगही होते. अंध स्त्रियांना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत. मुलीला आश्रय देताना तिची जात, गुण अथवा पूर्वचरित्र विचारले जात नसे. मात्र आत आल्यावर तिला काहीतरी शिकावे लागे आणि हाताने काम करावे लागे. ज्या अभिमानापायी आपले आईवडील मजुरी न करता उपाशी मेले, त्या अभिमानाला या बाईने आपल्या संस्थेत जागा ठेवली नाही. फुलहॅममध्ये पाहिलेल्या कामाची आठवण ठेवून समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी जे स्वतंत्र सदन काढण्यात आले, त्याला नाव दिले कृपा सदन. कृपा हा शब्द रमाबाईंच्या लेखी केवळ उपासनेतला राहिला नव्हता, हे या नावावरून ध्यानात येते.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. रमाबाईंनी हे कार्य कृपेची किंमत म्हणून केले असे समजणे म्हणजे त्यांचे सारे आयुष्य उलटे वाचणे होय. तसे असते तर त्या पुन्हा वडिलांच्या पुण्यसंचयाकडे परतल्या असत्या. मुक्ती सदनामुळे त्यांना कृपा मिळाली नाही. कृपा मिळाली होती म्हणून मुक्ती सदन उभे राहिले. क्रम बदलला की अर्थ बदलतो. जो मिळविण्यासाठी काम करतो त्याचे लक्ष फळावर असते. ज्याला आधीच मिळाले आहे तो समोरच्या माणसाकडे पाहू शकतो.

उत्साह आणि चिकाटी

१९०५ च्या जून महिन्यात केडगावात धार्मिक जागृतीची मोठी लाट आली. शेकडो मुली प्रार्थनेत रडू लागल्या आणि आपल्या चुकांची उघड कबुली देऊ लागल्या. तिची वार्ता ख्रिस्ती जगतात दूरवर पोहोचली. अशा प्रसंगी भावनेच्या आवेगालाच कृपेचा पुरावा मानण्याचा मोह प्रबळ असतो. रमाबाईंनी त्या जागृतीचे स्वागत केले. परंतु त्यानंतरची सतरा वर्षे त्यांनी ज्या कामात घालविली, त्यात आवेगाला वाव नव्हता. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे ते काम होते.

पन्नाशीच्या आसपास त्यांनी त्या दोन्ही भाषांचा अभ्यास आरंभिला. खेड्यातील थोडेफार वाचता येणाऱ्या बाईलाही समजावे, हा भाषांतराचा निकष होता. जिला पंडितांनी सरस्वती म्हटले त्या विदुषीने पांडित्य बाजूस ठेवून सोप्या मराठीचा ध्यास घेतला. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम संस्थेतील स्त्रियाच करीत. वाढता बहिरेपणा आणि थकलेले शरीर यांची तमा न बाळगता हे काम चालू राहिले. १९१९ साली सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले, त्यानेही दिनक्रमात बदल झाला नाही. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. संस्थेची धुरा जिच्यावर सोपवावयाची होती ती एकुलती एक मुलगी गेली. तरी आई पुन्हा मुद्रिते तपासावयास बसली. शेवटची मुद्रिते हातावेगळी झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी देह ठेवला, असे सांगितले जाते.

कृपा म्हणजे सुखाची हमी नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे. दुष्काळाने आईवडील गेले तेव्हा देवाने करार मोडला असे ज्या मुलीला वाटले होते, तिला वृद्धापकाळी कन्या गेल्यावर तसे वाटले नाही. कारण मधल्या काळात करारच संपला होता आणि त्याची जागा विश्वासाने घेतली होती.

आपला ताळेबंद

हा विषय केवळ ख्रिस्ती बांधवांचा आहे असे समजून पान उलटण्याचा मोह काही वाचकांना होईल. ज्या मंडळींत बाप्तिस्मा वारशाने मिळतो, तेथे रमाबाईंचा १८९१ चा प्रश्न दर रविवारी विचारण्यासारखा आहे, यात शंका नाही. परंतु फुकट लाभलेले आपल्या सर्वांच्याच खात्यावर पुष्कळ आहे. आज खेड्यांतून मोफत पासावर एसटीने कॉलेजात येणारी मुलगी, शाळेत शिकविणारी शिक्षिका, कचेरीत बसणारी लिपिक यांच्यापैकी कोणीही हंटर आयोगापुढे साक्ष दिलेली नाही की केडगावच्या माळावर झोपड्या उभारलेल्या नाहीत. ते कष्ट दुसऱ्यांनी केले आणि फळ आपल्या पदरात पडले. ते आपल्या गुणांमुळे मिळाले असे मानणे हा अहंकार होय, आणि मिळणारच होते असे मानणे हा कृतघ्नपणा.

मराठीत ऋणात राहणे असा एक सुंदर वाक्प्रचार आहे. सावकाराचे ऋण फेडावयाचे असते, कारण ते फिटले की मोकळे होता येते. काही ऋणे मात्र फेडण्यासाठी नसतात, त्यांत राहावयाचे असते. आणि अशा ऋणात राहणारा माणूस स्वस्थ बसत नाही. ज्या दिवशी ते फिटले असे त्याला वाटते, त्या दिवसापासून तो ते गृहीत धरू लागतो. रमाबाई अखेरपर्यंत या ऋणात राहिल्या. कृपा आपल्याला मिळाली किंवा नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःसाठी मिळविले होते. आपल्याला जे मिळाले त्याचे पुढे काय केले, हा दुसरा प्रश्न मात्र त्यांनी कधी मिटलेला मानला नाही. तो आपणही मिटलेला मानू नये, हीच त्यांच्या स्मृतीला वाहिलेली योग्य आदरांजली ठरेल.